पेशी

हातपंप कुरकुरायला लागला की
मी आधी दांड्याला हात लावत नाही.
कान लावते.
बेअरिंग सुकलं तर आवाज बारीक, उंदराच्या पिलासारखा.
साखळी झिजली तर खट्, मग थांबून खट्.
एक्सल खाल्ला गेला असेल तर पंप रडत नाही, नुसता दात खातो.
सोळा वर्षं झाली.
नागभीड पंचायत समितीच्या रजिस्टरात
सत्यफुला दडमल, मिस्त्री.
शेजारी कुणीतरी पेन्सिलीनं 'बाई' लिहून ठेवलंय.

म्हणून माझा खुबा बोलला
तेव्हा मी आवाज ओळखला.
धातूवर धातू.

खुबा तसा माझा नव्हताच.
रक्तात सिकल. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात,
एकीत एक अडकतात,
आणि एकतिसाव्या वर्षी मांडीच्या हाडाचा गोळा
आतल्या आत वाळून गेला,
पाणी न पोचलेल्या बांधीतल्या धानासारखा.
नागपूरला नवा बसवला.
गोळा धातूचा, वाटीही धातूची.
"वीस वर्षं बघायला नको," डॉक्टर म्हणाले.
मी विचारलं, ग्रीस कुठून भरायचं?
ते हसले.
मी गंमत करत नव्हते.

उकिडवं बसायचं नाही, असंही सांगितलं होतं.
पंपापाशी दुसरं कसं बसतात?

सहाव्या वर्षी जांघ जड. रात्री ठणका.
एक्सरे काढला. छान. सगळं जागच्या जागी.
"मनातून काढून टाका."
एक्सरेत हाड दिसतं, धातू दिसतो,
त्या दोघांत काय चाललंय ते दिसत नाही.

माझ्या कानांच्या पाळ्यांना मात्र आधीच माहीत होतं.
जत्रेतले बेंटेक्सचे झुमके घातले
की तिसऱ्या दिवशी चिघळायच्या.
आई म्हणायची, "इच्या कातडीले खोटं चालत नाई."
केसपेपरवर हे लिहायला रकाना नव्हता,
कुणी विचारलंही नाही.

विचारलं एका नव्या डॉक्टरीणबाईनं,
झुमक्यांपासून सगळं.
रक्त मुंबईला गेलं.
कोबाल्ट, क्रोमियम,
परमुलखातल्या जावयांसारखी नावं, दोघंही मुक्कामाला आलेले.
ती म्हणाली, गाठ नाही, गाठीसारखं आहे.
धातूचे कण झिजून सुटतात,
तिथं तुमच्या पांढऱ्या पेशी जमल्यात.

पेशी!
आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टातली.
बापाची चौदा वर्षं चालली, हातभर धुऱ्यावरून.
वादी मेला, प्रतिवादी मेला,
पेशी लागतच राहिली.
तशीच ही.
एक कण येतो. त्याला विचारतात, तू कोण, कुणाचा?
त्याला सांगता येत नाही.
पुढची पेशी.
पुन्हा कण. पुढची पेशी.
कुणीच खोटं बोलत नाही,
आणि ज्या जागेवरून भांडण
ती जागाच कुजत जाते.

उघडलं तेव्हा आतून राखाडी, काळपट निघालं म्हणे.
मी म्हटलं, जुनं ग्रीस तसंच दिसतं.
आता गोळा चिनीमातीचा आहे.
आमची अजून नीट ओळख व्हायची आहे.

काढलेला मी मागून घेतला,
वॉशरांच्या डब्यात ठेवलाय.
आरशासारखा. त्यात माझं नाक वांग्याएवढं दिसतं.
फक्त एका कडेला नखाएवढी पुसट कोर,
अंगठा फिरवला तर कळतही नाही.
सोनाराच्या काट्यावर टाकला असता
तर गुंजभरही कमी भरला नसता.
तेवढ्यानं.

काल पलीकडच्या टोलीवरून फोन.
"बाई, पानी तं बराबर येऊन राह्यलं,
साहेब पाहून गेले, ठीक हाये म्हने.
पन आवाज येते."
खुशाल म्हणाला, पाणी येतंय ना, सोमवारी बघू.

मी पाने पिशवीत टाकले,
काठी घेतली.
आवाज येते म्हनते ना ते?
चाल मंग. खोलून पाहू.